होनवाडीच्या रस्त्याचा आकडा

शिवम बिराजदारला आपल्या यंत्राचा जरा जास्तच अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तो सिव्हिल शिकवायचा. यंत्र म्हणजे तरी काय, साबणाच्या वडीएवढी एक डबी. ती गाडीच्या चाकाजवळ घट्ट आवळायची आणि गाडी एकाच वेगानं चालवायची. चाक कुठं उसळलं, कुठं आदळलं, किती थरथरलं, ते सगळं डबीतला सेन्सर टिपून घेई आणि शेवटी टॅबवर एक आकडा येई. आकडा जेवढा मोठा, तेवढा रस्ता खडबडीत. तीनच्या आत आला तर गाडीत बसून चहा प्यावा, दहाच्या वर गेला तर घरी जाऊन पाठीला बाम चोळावा.

लातूर जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या खेड्यांचे रस्ते मोजायचं काम त्याच्या कॉलेजला मिळालं होतं. ज्यांचा आकडा सगळ्यात मोठा, त्या रस्त्यांना यंदा डांबर मिळणार होतं. नियम शिवमनंच केला होता : एका रस्त्याची मोजणी एकदाच. कारण जिथं जावं तिथला सरपंच म्हणे, ‘सायेब, आकडा कमी आला, अजून एक चक्कर मारा की.’ कॉलेजातल्या बैठकीत त्यानं टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, की कुणाचाही फोन आला तरी दुसरी चक्कर नाही. विभागप्रमुख देविका मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी ते लिहून काढून त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

आणि मग यादीत होनवाडीचा रस्ता आला. होनवाडी ही शिवमची सासुरवाडी.

आता हा रस्ता कसा होता म्हणाल, तर दोन वर्षांपूर्वी एसटीच्या ड्रायव्हरनं वेशीत गाडी उभी करून गावाला हात जोडले होते. तेव्हापासून गाडी बंद. फाट्यापर्यंत सहा किलोमीटर. याच एसटीनं जाऊन शिवमची बायको ऋतुजा शिकली, नांदेडला शाळेत शिक्षिका झाली. तिची धाकटी बहीण शिल्पा यंदा दहावीला चांगले मार्क घेऊन पास झाली होती आणि तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला तिला प्रवेशही मिळाला होता. फक्त जायचं कसं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडलांचं, रामलिंगअप्पांचं, म्हणणं सरळ होतं. गाडी चालू झाली तर पोरगी जाईल, नाही तर घरी बसून बाहेरून परीक्षा देईल. सायन्स बाहेरून होत नाही, हे शिल्पानं त्यांना पुष्कळदा सांगून झालं होतं.

म्हणून तिचा शिवमला रोज फोन. "दाजी, तुमच्या डबीला सांगून ठेवा. आमच्या रस्त्याला पैला नंबर आला पायजे."

"डबीला सांगायची गरज नाही शिल्पा. तुमच्या रस्त्यावर एकदा चाक टाकलं की झालं."

मोजणीच्या आधी ऋतुजानं माहेरी फोन केला. म्हणाली, "अप्पा, मंगळवारी हे येऊन राहिलेत, रस्ता मोजायला." बस्स, एवढंच. पण रामलिंगअप्पांच्या डोक्यात त्यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं शिरलं. लग्नानंतर जावई कामाच्या निमित्तानं पहिल्यांदा गावात येणार होते, तेही कॉलेजच्या गाडीतून.

मंगळवारी शिवमनं फाट्यावर डबी आवळली, टॅब चालू केला आणि मोठ्या तयारीनं, दात घट्ट मिटून, गाडी होनवाडीच्या रस्त्याला घातली. दात मिटायची सवय चांगली असते, जीभ चावत नाही. पण पहिला खड्डा यायला हवा होता तिथं आला नाही. दुसराही आला नाही. ओढ्याजवळ जिथं ऋतुजा नेहमी दोन्ही हातांनी सीट धरून बसे, तिथूनही गाडी पाण्यातून गेल्यासारखी गेली. रस्ताभर लालसर ओला मुरूम पसरलेला, दाबलेला, वर रोलर फिरल्याच्या खुणा. शिवमनं आधी टॅबवर टिचकी मारली. मग यंत्र बिघडलं असावं असं त्याला वाटलं. मग आपण रस्ता चुकलो, असं वाटलं. तेवढ्यात समोर होनवाडीची वेस आली आणि वेशीत अख्खं गाव.

हलगी वाजत होती. सासूबाई नीलम्मा ताट घेऊन उभ्या होत्या. रामलिंगअप्पांनी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि त्यांचा चेहरा पोरीच्या लग्नातही फुलला नव्हता एवढा फुलला होता.

"जावईबापू," त्यांनी गाडीचं दार उघडत विचारलं, "एक तरी दणका लागला का?"

शिवमनं मागं वळून रस्त्याकडं बघितलं. "मामा, हे... खड्डे कुठं गेले?"

"बुजिवले!" अप्पा म्हणाले. "सात ट्रॅक्टर लावले. रोलर अण्णारावचा. तुमी येणार आन् तुमची कंबर आमच्या रस्त्यानं मोडावी? मंग आमची इज्जत काय राहिली?"

मागं उभा असलेला अण्णाराव, गावातला एकुलता एक रोलरवाला आणि जेसीबीवाला, अदबीनं पुढं झाला आणि त्यानं शिवमला नारळ दिला.

टॅबवर आकडा आला होता : पाच. होनवाडीचा रस्ता तालुक्यातल्या सगळ्यात चांगल्या खेड्यांच्या रस्त्यांत जाऊन बसला होता. आणि मोजणी संपली की आकडा आपोआप नांदेडला पोचेल, कुणाला मध्ये हात घालता येणार नाही, ही सोयही शिवमनंच केली होती. त्याबद्दल त्याला कॉलेजात प्रमाणपत्र मिळालं होतं.

पुरणपोळीवर तुपाची धार पडत होती आणि शिवम पोळीचा एकच तुकडा ताटात फिरवत होता. "लाजू नका, पाव्हणं," असं म्हणत नीलम्मा आणखी वाढत होत्या. शेवटी त्यानं सांगून टाकलं. रस्ता चांगला निघाला म्हणजे डांबर नाही, आणि मोजणी एकदाच असते. ओसरीवरच्या पंगतीत अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हंजे खड्डे ठिवायला पायजे व्हते?" अप्पांनी विचारलं.

"हो मामा."

"आन् ऋतुजा ते सांगितली न्हाई?"

"रस्ता मोजायला येताहेत असं सांगितलं होतं ना तिनं?"

"हाव, ते सांगितली. पर मोजायला येणाऱ्यासाठी तर रस्ता नीट करावा लागतो की! तपासणीला कुणी आलं तर शाळेला रंग देतेत का न्हाई?"

शाळेला रंग देतात, हे खरंच होतं. शिल्पा सैपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मुरूम पडला ते दोन दिवस ती प्रवेशाच्या कागदांसाठी तालुक्याला मुक्कामी होती, नाही तर तिनंच ट्रॅक्टर अडवले असते. एरवी दाजींच्या ताटात गुपचूप मिरचीचा ठेचा सरकवणारी ही पोर आज उंबरा ओलांडून पुढं आली नाही आणि तिच्याकडं बघायची शिवमची हिंमत झाली नाही.

जेवण टाकून तो अंगणात गेला आणि त्यानं देविका मॅडमना फोन लावला. होनवाडी ही आपली सासुरवाडी आहे, हे त्यानं कॉलेजात सांगितलंच नव्हतं. मोजणी यंत्र करणार, त्यात आपला काय संबंध, असा त्याचा हिशेब होता. आता ते आधी कबूल करावं लागलं, मग मुरूम, मग हलगी, मग नारळ.

मग मॅडम म्हणाल्या, "म्हणजे जावयाची कंबर वाचावी म्हणून गावानं आपलं डांबर घालवलं?"

"हो मॅडम."

"आणि तू मला तुझाच नियम मोडायला सांगतो आहेस. तोही सासुरवाडीसाठी."

"मी फक्त झालं ते सांगतोय. मोजला तो होनवाडीचा रस्ता नव्हता. माझ्यासाठी केलेली सजावट होती. नातं आधी सांगायला हवं होतं, ते चुकलंच माझं."

मॅडमना हसू आलं असावं, कारण त्या एकदम खोकल्या. मग त्यांनी निकाल दिला. शुक्रवारी त्या स्वतः येतील आणि स्वतः मोजतील. शिवमनं गाडीत बसायचं नाही. तोवर भरलेला मुरूम काढून रस्ता होता तसा करायचा. आणि एकही खड्डा नवा पाडलेला दिसला, तर त्या तिथूनच माघारी फिरतील.

रस्ता होता तसा करायचा, हे बोलायला सोपं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम रस्त्यावर पोचला, तेव्हा अण्णारावचा जेसीबी आधीच कामाला लागला होता आणि ओढ्याजवळ म्हैस बसेल असा खड्डा झाला होता.

"अण्णाराव, थांबा! हा इथं नव्हता!"

"व्हता की सायेब. जरा बारीक व्हता."

"बारीक होता तर बारीकच ठेवा!"

मग होनवाडीत असं काम सुरू झालं, जे आजवर कुठल्या गावानं केलं नसेल. अख्खं गाव आपले जुने खड्डे शोधायला निघालं. खड्ड्यांना तिथं नावं होती, जो ज्यात पडला त्याचं. ‘गुरुजीचा खड्डा’ नेमका कुठं यावरून दोघांत जुंपली. चिंचेखालचा खड्डा किती खोल होता ते एक म्हातारा पायातली वहाण काढून, पाय घालून दाखवू लागला. कुणी म्हणे टाचेपर्यंत, कुणी म्हणे नडगीपर्यंत.

"हा खानदानी खड्डा हाय," अप्पा एका जागी काठी टेकवून म्हणाले. "माझ्या लग्नाची वरात अडकली व्हती ह्याच्यात. ह्याला हात लावू नका."

"मामा, ह्यातला मुरूम तर काढावा लागेल ना?"

"मंग अदबीनं काढा."

शिवम गावातल्या पोरांनी पाठवलेले रस्त्याचे जुने फोटो टॅबवर बघून एकेक खड्डा पास करत फिरत होता. हा जास्त झाला, थोडा भरा. हा कमी आहे, अजून काढा. कडा इतक्या सरळ नको, खरा खड्डा असा चौकोनी नसतो. बोलता बोलता त्याला स्वतःचंच हसू आलं. एम.टेक.पर्यंत शिकून आपण खड्डे दुरुस्त करतो आहोत, रस्ता बिघडेल अशा बेतानं. सगळेच हसत होते. कालची निराशा कुठल्या कुठं गेली होती.

फक्त शिल्पा हसत नव्हती. ती घमेलं घेऊन आली होती, तेही तिनं खाली ठेवलं. बाजूला पडलेल्या मुरमाच्या ढिगाकडं ती बघत राहिली.

"काय ग?" शिवम म्हणाला. "शुक्रवारी मोजणी नीट होईल. काळजी करू नको."

"दाजी, हा रस्ता किती दिवसात बुजिवला ह्यांनी?"

"दोन दिवसांत, असं म्हणत होते."

"हाव. दोन दिवसात." आता ती अप्पांकडं वळली. आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूची फावडी थांबली. "दाजी येणार म्हणून दोन दिवसात सहा किलोमीटर रस्ता झाला. सात ट्रॅक्टर आले, रोलर आला. दोन वर्षं मी म्हणून राहिले, अप्पा, एसटी बंद हाय, कायतरी करा. तवा तुमी काय म्हणले? सरकार करंल. डांबर येईल तवा बघू. डांबर पडूस्तर माझं कॉलेज थांबतंय का?"

"अगं, तसं न्हाई पोरी..."

"मंग कसं?" शिल्पा म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घराकडं चालायला लागली.

अण्णारावनं जेसीबी बंद केला. शिवमला तर जमिनीत शिरावंसं वाटलं, कारण नारळ त्याला मिळाला होता. आपण रोज तिला फोनवर सांगत होतो, की डबी सगळं बघून घेईल. सहा किलोमीटरचा मुरूम ही काही रॉकेट उडवायची गोष्ट नव्हती, आणि हे सिव्हिल शिकवणाऱ्या माणसाला तरी आधी सुचायला हवं होतं. रामलिंगअप्पा खानदानी खड्ड्याच्या काठावर उभे होते, तिथंच खाली बसले. मग त्यांनी डोक्यावरचं उपरणं काढून तोंड पुसलं.

शुक्रवारी देविका मॅडम आल्या. डबी त्यांनी स्वतः आवळली, गाडी त्यांच्याच ड्रायव्हरनं चालवली. गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभं होतं. गावासाठी याहून अवघड गोष्ट नव्हती, बरं का. पाहुणी, तीही बाई माणूस, नांदेडहून आलेली, आणि तिची गाडी आपल्या डोळ्यांदेखत आदळू द्यायची. प्रत्येक दणक्याला नीलम्मा "यव्वा!" म्हणून डोळे मिटत होत्या. एक म्हातारा न राहवून दगड बाजूला करायला धावला, त्याला दोघांनी धरून ठेवलं.

मॅडम वेशीत उतरल्या, तेव्हा त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि एक हात कमरेवर होता. त्यांनी टॅब बघितला. "सव्वातेरा," त्या म्हणाल्या. "आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलगीवाल्यानं हलगी आणलीच होती. मॅडम चहा घेऊन, जाताना शिवमच्या कानात "पुढच्या वेळी नातेवाईक आधी सांगत जा" असं म्हणून फाट्याकडं गेल्या. त्यांच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत रामलिंगअप्पांनी हाताची मूठ वर केली आणि देवळामागून भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक बाहेर आले.

"मामा, आता काय?" शिवमनं विचारलं.

"आता एसटीसाठी," अप्पा म्हणाले. "डांबर यायचं तवा येईल."

शिवमनं रजा घेतली आणि फावडं हातात घेतलं. त्यावर गावात हलकल्लोळ. जावयाच्या हातात फावडं म्हणजे लोक शेण घालतील तोंडात! "करू द्या दाजीला," शिल्पा लांबूनच म्हणाली. "मी फोटो काढून ताईला पाठविते. ती तरी विश्वास ठेवंल का बघू." ती अजून अप्पांशी बोलत नव्हती, पण घमेलं तिनं उचललं होतं. या वेळी नुसता मुरूम पसरला नाही. शिवमनं आधी कडेनं चर काढून घेतले, म्हणजे पाऊस आला तर पाणी रस्त्यावर थांबणार नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांनी बोलावलेला एसटी डेपोतला माणूस मोटारसायकलवर आला, दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, की उद्या, सोमवारपासून गाडी सोडतो. शिल्पानं ते ऐकलं आणि ती पळत आईला सांगायला गेली.

संध्याकाळी शिवम नांदेडला निघायची तयारी करत होता. अप्पा अंघोळ करून, तो नवा पांढरा शर्ट घालून आले.

"जावईबापू, डबी आवळा."

"मामा, मोजणी झाली. आता हा आकडा कुठंच धरणार नाहीत."

"कुठं धरायला न्हाई. मला बघायचंय." ते जरा घुटमळले. "तुमी आलता तवा पाच आला व्हता ना? आता लेकीच्या टायमाला किती येतो ते बघायचंय."

शिवमनं डबी आवळली. फाट्यापासून गाडी निघाली. अप्पा शेजारी ताठ बसले होते आणि त्यांनी एकदाही रस्त्याकडं बघितलं नाही, सगळं लक्ष टॅबवर. गाडी छान चालली होती. वेशीत थांबल्यावर आकडा आला आणि शिवमनं टॅब पटकन आपल्याकडं वळवला.

साडेपाच. ओढ्याजवळ जेसीबीनं जो म्हशीएवढा खड्डा केला होता, तिथं भर थोडी बसली होती, बाकी काही नाही. एसटीला त्यानं काडीचा फरक पडणार नव्हता. अप्पांना चार म्हणून सांगावं, कुणाला कळणार आहे, असं शिवमच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या यंत्राच्या नावानं खोटं बोलावंसं वाटत होतं. पण अप्पांच्या तळहातावरचे फोड त्याला दिसत होते आणि त्या हातांशी खोटं बोलणं त्याला जमेना.

"साडेपाच आलाय, मामा."

अप्पा गाडीतून उतरले. वेशीत सगळे वाट बघत उभे होते, पुढं शिल्पा.

"किती आला?" तिनं विचारलं. एवढ्या दिवसांत ती अप्पांशी पहिल्यांदा बोलली.

"दाजीपरीस अर्धा जास्त," अप्पा म्हणाले. त्यांनी नव्या शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली, शर्ट काढून नीलम्मांच्या हातात दिला आणि बनियनवर मागं वळून ओरडले, "अण्णाराव! रोलर चालू कर. ओढ्यापाशी चल."

"अप्पा, राहू द्या की आता," शिल्पा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते. "एसटीला चालतंय तेवढं. मला बी चालतंय."

"तुला चालंल," रामलिंगअप्पा फावडं खांद्यावर टाकत म्हणाले. "मला चालत न्हाई."